मास्तरांची युनिव्हर्सिटी

मुंबईला जाऊन समुद्र न पाहता परत आलेला एकच माणूस मला माहीत आहे, आणि ते म्हणजे आमचे मास्तर. कापसाच्या एका व्यापाऱ्याला इंग्रजी कागद वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून ते त्याच्याबरोबर गेले होते. व्यापारी गोदीकडे गेला आणि मास्तर टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. आत नव्या युनिव्हर्सिटीचा पदवीदान समारंभ चालला होता. यांना कुणी आत सोडलं नाही. दारातून जेवढं दिसलं तेवढं पाहून ते अमरावतीला परतले, आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्या दारातून दिसलेल्या गोष्टीवर काढलं.

"काय दिसलं मास्तर?" असं कुणी विचारलं की ते सांगत, "काळे झगे घातलेले थोडेसे पोट्टे, अन् त्याहिच्यासाठी उठून उभं राह्यलेलं सारं गाव. शिकलेल्या पोरासाठी गाव उठून उभं राह्यते, हे म्या तिथं पाह्यलं."

त्या दिवसापासून त्यांनी आमच्या शाळेला शाळा म्हणणं सोडलं. "आपली युनिव्हर्सिटी" असंच म्हणायचे, तेही गंभीर चेहऱ्यानं. मी अकोल्याहून त्यांच्या हाताखाली नवा असिस्टंट म्हणून आलो तेव्हा ही युनिव्हर्सिटी म्हणजे एका शेठजींच्या मालकीची कौलारू इमारत होती. तीन खोल्या, एक ओटा आणि पुढे मोठं अंगण. अमेरिकेत लढाई पेटली होती आणि तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, त्यामुळे आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. हंगामात गावभर कापसाच्या गाड्या. कापूस उडून आमच्या दौतीत पडे, मुलांच्या शेंड्यांना चिकटे, आणि मास्तरांच्या मिशीत तर तो फाल्गुनापर्यंत मुक्कामाला असे.

मास्तर उंच, किडकिडीत. अकोल्याकडच्या एका शेतकऱ्याच्या घरचे, नागपूरला पाद्र्यांच्या शाळेत शिकलेले. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं, पुन्हा लग्न केलं नाही. इंग्रजी बोलले की साहेब मान वर करून बघत, आणि पुढच्याच वाक्याला ते चिंचेखालच्या गुराख्यासारखे बोलत. मला "अशिष्टंट" म्हणायचे. तो शब्द त्यांना नीट म्हणता येत नव्हता की मुद्दाम तसा म्हणायचे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. चुकलेल्या मुलाला ते उभं करत आणि म्हणत, "तुया घरचं एक गाणं म्हण." गाणं आजीचं असो, मोटेवरचं असो, लग्नातलं असो, पण घरचं पाहिजे. परिणाम असा झाला की आमच्या शाळेत गाणी येणारी मुलं पुष्कळ झाली आणि त्रैराशिक येणारी थोडी. मी तक्रार केली तर म्हणाले, "त्रैराशिक कुठी पळून चाललं नाही. ते पुस्तकात हाये. हे पोट्टं गाणं विसरलं तर ते कुठं सापडंन?"

रस्त्यावरही तेच. कापसाच्या भावानं तेव्हा अमरावतीत देशोदेशीची माणसं आणली होती. मारवाडी आणि कच्छी व्यापारी, मुंबईहून आलेले पारशी, तेलंगणातले हमाल, हिंदुस्थानी गाडीवान, कोकणातले कारकून. मास्तर भररस्त्यात कुणालाही थांबवत आणि विचारत, "तुमच्या मुलखात पोळ्याला काय करतात? बैलाले काय म्हणून ओवाळतात?" एकदा कापसानं भरलेली गाडी त्यांनी अशी अडवली की मागे गाड्यांची रांग बाजारापर्यंत गेली. गाडीवान चिडला, शिव्या देऊ लागला. मास्तर शांतपणे म्हणाले, "हे पोळ्याचं झालं. आता होळीचं म्हण." तो बिचारा हसायलाच लागला.

मी आलो त्याच वर्षी त्यांनी युनिव्हर्सिटीचा उत्सव सुरू केला. मी म्हटलं, "मास्तर, आपल्याकडे परीक्षेला बसण्याजोगी मुलं नाहीत, पुस्तकं पुरेशी नाहीत, आणि उत्सव कशाचा?"

"गाव उठून उभं राह्यलं पाह्यजे," ते म्हणाले. "मंग बाकीचं येते. अन् गाव परक्याच्या गोष्टीसाठी उठत नाही. त्याले त्याचं स्वतःचं काही दाखवा लागते."

दिवस ठरला कोजागिरीचा, दुपारचा. नवा कापूस यायला अजून अवकाश असे आणि अंगण रिकामं असे, म्हणून शेठजींनीही हरकत घेतली नाही. मास्तर मुंबईहून आणलेला काळा कोट घालून उन्हात दाराशी उभे. घामानं निथळत होते, पण काढायला तयार नव्हते. मारवाडी मुलांनी काठ्यांचा नाच केला. तेलंगी हमालांनी एक लांबलचक गाणं म्हटलं, त्यातलं कुणालाच काही कळलं नाही, पण ते संपल्यावर मास्तर उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना उभं केलं. गावाकडून दंडारीची, सोंगं घेऊन नाचणारी मंडळी आली होती. त्यांतला एकजण लुगडं नेसून बाई झाला आणि त्यानं भाव विचारत फिरणाऱ्या दलालाची अशी नक्कल केली की समोर बसलेले दलाल एकमेकांकडे बोट दाखवून हसत होते. प्रत्येक जमातीनं आपलं काही आणलं, आणि संध्याकाळी लोक घरी जाताना "आमची शाळा" म्हणत गेले. आमची, हा शब्द मी त्या गावात शाळेसाठी पहिल्यांदा ऐकला.

मी खूश होतो. मास्तर मात्र रात्रीच्या जेवणाला बसेनात. "अशिष्टंट, आज आर्धंच गाव आलं," म्हणाले. "बाया कुठं होत्या?"

दुसऱ्या वर्षी म्हणून त्यांनी भुलाबाईला बोलावलं.

वऱ्हाडातल्या मुलींना भुलाबाई काय ते सांगायला नको. भादव्याच्या पुनवेला तिची मातीची मूर्ती बसते, आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली घरोघर जमून टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाणी संपली की घरची बाई झाकलेल्या ताटात खाऊ आणते. मुलींनी तो ओळखायचा. ताट हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, नावं घ्यायची, आणि ओळखला तरच ताट उघडायचं. पण हे सगळं घरातलं. शाळेच्या अंगणात मुली गाणार, हे ऐकून गावकरी बुचकळ्यात पडले.

मास्तर सखूबाईकडे गेले. सखूबाई माळीण बाजारात भाजी विकायला बसे. अंगानं धिप्पाड, आवाज मोठा, आणि भुलाबाईची गाणी तिच्याइतकी कुणाला येत नसत. वांगी तोलता तोलताच तिनं मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं.

"भुलाबाईले कुठं बसवसान?" तिनं विचारलं.

"माया खुर्चीवर."

"अन् तुमी?"

"म्या खाली."

"मंग येतो," सखूबाई म्हणाली.

कोजागिरीला ती खरंच आली. मागे तिची आठ-नऊ वर्षांची काशी, आणि माळीपुऱ्यातल्या, बाजारातल्या, सगळ्या आळ्यांतल्या मुली. शेठजींची नातसुद्धा होती. त्यांच्या घरी भुलाबाई नव्हती, पण शेजारणींबरोबर टिपऱ्या खेळायला तिला आवडायचं. मास्तरांच्या खुर्चीवर भुलाबाई बसली, खाली सतरंजीवर मास्तर मांडी घालून बसले. मुलींनी फेर धरला. ओट्यावर बाया दाटीवाटीनं उभ्या होत्या, कुंपणाबाहेर पुरुष. त्या दिवशी मुलांच्या नाचाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

गाणी संपली. मास्तर आत गेले आणि मोठी परात घेऊन आले, वर धुतलेलं पांढरं धोतर झाकलेलं. मुलींनी गलका केला. काशीनं परात हलवून पाहिली. आत खडखड वाजलं.

"फुटाणे," एकजण म्हणाली.

"नाही."

"खोबऱ्याचे तुकडे. रेवड्या. शेंगदाण्याची चिक्की." नावं संपत आली. वास कसलाच येत नव्हता. शेवटी सखूबाईच म्हणाली, "हरलो मास्तर. उघडा."

मास्तरांनी धोतर उचललं. परातीत पाट्या होत्या. काळ्या, लाकडी चौकटीच्या, प्रत्येकीवर एक लेखण.

त्या कुठून आल्या ते मला माहीत होतं. सरकारकडून मुलांसाठी आलेल्या पाट्यांची पेटी वर्षभर तशीच पडून होती. कापसाला सोन्यासारखा भाव होता. घरोघरची मुलं वेचणीला, राखणीला, गाड्यांवर. पाट्यांना मुलंच उरली नव्हती.

एक लहान मुलगी रडायला लागली, तिला खरंच रेवड्या हव्या होत्या. काशीनं एक पाटी उचलली, उलटी-सुलटी केली आणि छातीशी धरली. मग एकेक करून सगळ्यांनी घेतल्या. खाऊच होता, नाही कोण म्हणणार. कुंपणाबाहेर मात्र कुजबूज सुरू झाली होती, आणि ती मला फारशी बरी वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत आलो तर ओट्यावर पाट्यांची चळत. रात्रीतून बापांनी आणून ठेवल्या होत्या. शेठजींनी तर मुनीमाबरोबर निरोपही पाठवला होता की मुलींना बिघडवायला अंगण दिलेलं नाही, आणि तक्रार अकोल्याला शाळाखात्याच्या साहेबांकडे जाईल. मास्तर ओट्याच्या कडेला बसून होते.

"म्या चुकलो काय?" त्यांनी मला विचारलं. "रेवड्या द्याले पाह्यजे होत्या काय?"

तेवढ्यात सखूबाई भाजीची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराकडे चाललेली दिसली. ती थांबली, चळतीकडे पाहिलं.

"हे काय जी?"

"लोकायनं परत केल्या."

"आमची घरीच हाये," सखूबाई म्हणाली. "मालक म्हणे, देऊन ये. म्या म्हटलं, भुलाबाईचा खाऊ कोणी परत करते काय? देवीच्या पुढं उघडलेलं ताट हाये. घरात लेकी-सुना हायेत. ती रागावली तर मंग कोण निस्तरंन?"

मास्तर ओट्यावरून उठून उभे राहिले. शपथेवर सांगतो, हा विचार त्यांच्या डोक्यात आधी आला नव्हता. सखूबाई काही शाळेची बाजू घेत नव्हती. तिला खरंच भुलाबाईची भीती वाटत होती. तीच भीती ती त्या दिवशी भाजीबरोबर दारोदार देत गेली.

दुपारी पहिली बाई आली. पदर पुढे ओढलेला, कुणाकडे न बघता चळतीतली एक पाटी उचलली आणि गेली. मग दुसरी. मग दोघी-तिघी मिळून. कुठली पाटी कुणाची याचा काही पत्ता नव्हता, पण प्रत्येकीला आपल्या घरची परत न्यायची होती. सूर्य कलताना छपराची एक रेंगी येऊन थांबली. बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा, पडदा सोडलेला. आतून शेठाणी उतरल्या. शेठजींच्या घरच्या बाईला मी तोवर रस्त्यात उभं पाहिलं नव्हतं.

"मास्टरजी, माताजी का प्रसाद है," त्या म्हणाल्या. "शेठजी को समझता नहीं. हमारी वाली दे दो."

मास्तरांनी दोन्ही हातांनी पाटी दिली. ओटा रिकामा झाला होता.

पण घरात पाटी ठेवून करायचं काय? देवीचा खाऊ तसाच ठेवला तरी दोष, फेकला तरी दोष. तो खाल्ला पाहिजे, आणि पाटी खायची ती एकाच पद्धतीनं, हे मास्तरांनी सखूबाईला सांगितलं आणि सखूबाईनं गावाला. दिवाळी झाली आणि दुपारच्या वेळी ओट्यावर मुलींचा वर्ग भरू लागला. आधी पाच-सहा, मग ओटा भरेस्तोवर. मास्तर त्यांना अक्षरं त्यांच्याच गाण्यांवर शिकवत. पुस्तकातल्या कमळाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "भ" शिकवायला भुलाबाई होती, "ग" शिकवायला तिचं गाणं, आणि "क" कापसाचा, कारण तो तर मुलींच्या केसांतच होता.

शेठजींची तक्रार गेलीच होती. अकोल्याहून साहेब आले ते नेहमीच्या पाहणीला नव्हे, चौकशीला. गोरे, तरुण, मराठी बरं बोलणारे. अंगणात खुर्ची टाकून बसले. समोर काळा कोट घालून मास्तर, आणि मागे गावातली तालेवार मंडळी.

"सरकारी पाट्या तुम्ही मुलींना दिल्या?"

"दिल्या साहेब."

"त्या मुलांसाठी होत्या."

"पेटीवर अमरावती शाळा लिवलं होतं," मास्तर म्हणाले. "पोरगं का पोरगी, ते लिवलं नव्हतं."

साहेबांना हसू आलं. त्यांनी मुलींना बोलावून वाचून घेतलं. शेठजींच्या नातीनं सबंध ओळ वाचली, तेव्हा शेठजी आपल्या पगडीकडे हात नेऊन उगीच ती सारखी करत राहिले. साहेब जाताना बऱ्याच जणांशी बोलले, आणि पंधरवड्यानं हुकूम आला. मुलींचा वर्ग चालू ठेवायचा. मास्तरांची बदली तिवशाला.

असा तो निकाल होता. वर्ग राहिला म्हणून बाया शांत, मास्तर गेले म्हणून तालेवार शांत. मला मात्र इतका राग आला की मी राजीनामा द्यायला निघालो. मास्तर सामान बांधत होते. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक तांब्या.

"मंग वर्ग कोण घेईन?" त्यांनी विचारलं. "बसा गप. कोजागिरी चुकवू नका. अन् तेलंगी हमालायले विसरू नका, ते बोलावल्याबिगर येत नाहीत."

मी राहिलो. वर्ग घेतला, उत्सवही केला, पण त्यांच्यासारखा जमला नाही. मग लढाई संपली. कापसाचा भाव एकदम बसला, अर्धे परके व्यापारी आले तसे निघून गेले आणि मुलं पुन्हा शाळेत दिसू लागली. काशीचं लग्न झालं. वर्गातल्या कितीतरी मुलींची लग्नं झाली. दर वैशाखात ओटा निम्मा मोकळा व्हायचा, आणि दर वेळी मला वाटायचं की आपण वाळूत पाणी ओततो आहोत.

हेच बोलायला एका हिवाळ्यात मी तिवशाला गेलो. मास्तर गोठ्याच्या पडवीत शाळा भरवत होते. ते जास्तच वाळले होते, पण माझं रडगाणं ऐकून त्यांना भलताच आनंद झाला.

"पोरी जातात कुठं, ते तुमी पाह्यलं काय?" ते म्हणाले. "इथं येतात. तिवशाले, चांदूरले, तिकडं अकोल्याच्या वाटेवर. म्या साऱ्या शोधून काढल्या. चला, दाखवतो."

त्यांनी एक तट्टू घेतलं होतं. रविवारी सुट्टी मिळाली की ते त्यावर बसून सासरी गेलेल्या मुलींना भेटायला निघत. परक्या घरच्या सुनेला कुणी मास्तर भेटू शकत नाही, पण माहेरच्या माणसाला कोण अडवणार? हे स्वतःला सखूबाईचे मानलेले भाऊ म्हणवत, काखोटीला खणाचा तुकडा, हातात शेवेची पुडी. सखूबाईनं त्याला संमती दिली होती. मला वाटतं, एव्हाना अर्ध्या वऱ्हाडात ते कुणाचे ना कुणाचे मामा झाले होते.

काशीचं सासर तिवशापासून कोसभर. घर गावातल्या चार घरांसारखंच, अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग, पडवीत सासू कापसातला कचरा निवडत बसलेली. चेहरा कडक. मास्तरांनी रामराम केला आणि आपण काशीचे मामा, अमरावतीहून, असं सांगितलं. काशी पाणी घेऊन आली. डोक्यावरून पदर, नजर खाली, वयानं असेल बारा-तेराची. सासूसमोर एक शब्द बोलली नाही. मास्तरांनी खण दिला, तिनं वाकून नमस्कार केला.

मास्तर घुटमळले. मग जपून म्हणाले, "पोरीले थोडं लिवता-वाचता येत होतं. आता विसरली असंन."

सासूनं हातातला कापूस खाली ठेवला. मला वाटलं, आता दोघांनाही अंगणाबाहेर काढते.

"विसरली असती तर मले सुख होतं," ती म्हणाली. "रोज दुपारी मालक वावरात गेले का मले धरून बसवते. म्हणे, सासूबाई, एवढं काढा. माहे केस पिकले अन् हे मले गिरवाले लावून राहिली. काल म्हणे, तुमचा भ वाकडा हाये. सांगा आता."

काशी पदराआड हसत होती.

"पाहा बरं," सासू म्हणाली, आणि चुलीतला कोळसा आणवून पडवीच्या सारवलेल्या जमिनीवर तिनं हळूहळू एक अक्षर काढलं. जीभ दातांत धरून. काढून झाल्यावर मागे सरकली. "हाये काय वाकडा?"

मास्तर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी ते अक्षर जवळून पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "सरळ हाये."

मग तिच्या हातातला कोळसा मागून घेऊन त्यांनी त्या भच्या शेजारी दुसरं अक्षर काढलं, स्वच्छ, मोठं. अक्षराच्या काठाला लागलेली काजळी बोटानं पुसली, आणि कोळसा तिला परत दिला.

"हे उद्याचं," ते म्हणाले.